तगादा : दारातून कोर्टात, कोर्टातून मोबाइलमध्ये

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री पावणेदहाला मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस माझं पूर्ण नाव घेऊन बोलत होता. "तुमचा भाऊ आमचे पैसे बुडवून बसलाय. त्याला समजावा, नाहीतर उद्या तुमच्या कॉलेजात येऊन सगळ्यांसमोर विचारतो."

भाऊ म्हणजे माझा मावसभाऊ. टेम्पो चालवतो. गाडीचं इंजिनचं काम निघालं, महिनाभर गाडी गॅरेजला उभी राहिली आणि दोन हप्ते थकले. कर्ज चाळीस हजारांचं, मोबाइलवरच्या अॅपवरून घेतलेलं. मी जामीनदार नाही, माझी कुठे सही नाही. माझा नंबर त्याच्या फोनमध्ये होता, एवढाच माझा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी कळलं की असाच फोन त्याच्या मुलीच्या ट्यूशनच्या बाईंनाही गेला होता. पोरगी आठवीत आहे. त्यानंतर आठवडाभर ती ट्यूशनला गेली नाही. भाऊ माझ्यासमोर मान खाली घालून म्हणाला, "दादा, पैसे मी देणारच आहे. पण हे असं करायला लागले तर गावात तोंड कसं दाखवू?"

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस होता, चहा सांगितला. पण म्हणाला, "सर, हे देण्याघेण्याचं प्रकरण. सिव्हिल मॅटर आहे. फार तर एनसी करून देतो."

मंडळी, मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. सुप्याच्या दंग्यावर दरवर्षी वर्गात दोन तास बोलतो. त्या दिवशी ठाण्याच्या पायऱ्या उतरताना वाटलं, आपण हे सगळं झालं-गेलं म्हणून शिकवतोय, पण ते संपलेलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात 'तगादा' या शब्दापासून करू. आज आपण "किती तगादा लावलास रे" असं सहज म्हणतो. पण पेशवाईत तगादा ही वसुलीची उघड, सर्वमान्य रीत होती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली आपला अहवाल लिहिला, त्यात तिचं सविस्तर वर्णन आहे. आधी नुसतं मागे लागायचं. मग ऋणकोच्या दारात माणूस बसवायचा. मग त्याचं जेवण अडवायचं. त्याहीपुढे भर उन्हात एका पायावर उभं करून डोक्यावर दगड ठेवायचा. 'धरणे' हाही त्यातलाच प्रकार. आज आपण मागण्यांसाठी कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरतो, पण मूळ धरणं कर्जदाराच्या दारात होतं. घेणेकरी उपाशी बसला की घरातल्यांनाही जेवता येत नसे, आणि तो दारात मेला तर त्याचं पाप घरावर.

इंग्रजांना हा प्रकार इतका ठाऊक होता की १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ खाली त्याचं उदाहरणच दिलं आहे : दैवी कोपाची भीती घालण्यासाठी कुणाच्या दारात धरणं धरून बसणं हा गुन्हा. ते उदाहरण आता भारतीय न्याय संहितेतही तसंच आलं आहे. म्हणजे कर्जदाराच्या दारात बसून त्याला लाजवणं चुकीचं आहे, ही गोष्ट कायद्याला किमान १६० वर्षांपासून माहीत आहे.

मग इंग्रजांनी काय केलं? तगादा दारातून उचलला आणि कोर्टात नेला. कागदावर ही सुधारणाच होती. पण तिचा परिणाम उलटा झाला. पूर्वी सावकाराला गावात राहायचं असे. त्याच्यामागे सरकारची ताकद नव्हती, म्हणून गावाची मर्जी सांभाळावी लागे, पाटलाचं ऐकावं लागे. कोर्ट आल्यावर त्याला गावाची गरज उरली नाही. कर्जखत दाखवायचं आणि हुकूमनामा घ्यायचा. कुळाला लिहिता-वाचता येत नाही, कोर्ट तालुक्याला, समन्स कळत नाही. बहुतेक दावे एकतर्फी निकाली निघत. मग बेलीफ जमिनीवर, गुरांवर, घरावर येई. कुळाला दिवाणी तुरुंगातही टाकता येई.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जखतावर तीन वर्षांच्या आत दावा लावलाच पाहिजे, असा नियम झाला. हेतू चांगला होता, जुनी मढी उकरू नयेत हा. पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिसळून नवं खत लिहून घेऊ लागला. उदाहरणादाखल हिशेब करून बघा. शंभर रुपये, दरसाल शेकडा २४. तीन वर्षांनी खत १७२ चं. सहा वर्षांनी २९६ चं. नऊ वर्षांनी ५०९ चं. कुळाच्या हातात मात्र पहिले शंभरच आले होते. आपल्याकडे त्याआधी दामदुपटीचा नियम होता. व्याज एका वेळी मुदलापेक्षा जास्त घेता येत नसे. पण खतच नवं झालं की मुद्दलही नवं आणि दामदुपटही नव्याने सुरू.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते पुस्तकांत आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस थांबला, आपल्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास इंदापूर, भीमथडीकडे सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून सारा वाढवला. पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. सावकारांनी नवं कर्ज आखडलं आणि जुन्याची वसुली लावली.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला निघाला. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. सावकाराचं पाणी भरायचं नाही, त्याच्या शेतात राबायचं नाही, त्याची हजामत करायची नाही. आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी भडका उडाला. दुकानं फुटली, वह्या आणि कर्जखतांची होळी झाली. तिथून लोण शिरूर, इंदापूर आणि नगर जिल्ह्यात गेलं.

मी पोरांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नंतर नेमलेल्या दंगा आयोगानेच नोंदवलंय की लोकांचा रोख कागदांवर होता. ज्या सावकाराने खतं मुकाट्याने दिली, त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. ९५१ माणसं पकडली गेली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. या कहाणीत जात शोधू नका. सावकार मारवाडी होते तसे गुजरातीही होते, आपल्यातलेही होते. लोकांचा राग त्या कागदाच्या आणि कोर्टाच्या जोडीवर होता. आपलं म्हणणं कुणी ऐकूनच घेत नाही, हे त्यांचं दुखणं होतं.

आता या पोस्टचा मुख्य भाग. दंग्यावर सगळे बोलतात, दंग्यानंतर झालेल्या कायद्यावर कुणी बोलत नाही. १८७९ साली 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात काय होतं बघा :

१. कोर्टाने नुसतं खत बघून निकाल द्यायचा नाही. खताच्या मागे जायचं. पहिले पैसे किती दिले, किती परत आले, व्याज किती चढवलं, हा सगळा इतिहास तपासायचा.

२. व्याज मुदलापेक्षा जास्त धरायचं नाही. म्हणजे दामदुपट परत आणली.

३. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक किंवा तुरुंग नाही.

४. स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर जमिनीवर जप्ती नाही.

५. हप्ते पाडून देण्याचा अधिकार कोर्टाला.

६. पैसे दिले की पावती द्यायची. वर्षाचा हिशेब द्यायचा. मागितलं तर पासबुक द्यायचं.

७. खत गावपातळीवरच्या निबंधकासमोर लिहायचं, म्हणजे अंगठा कशावर उठतोय ते कुळाला कळेल.

हे १४५ वर्षांपूर्वीचं, परक्या सरकारचं, दंग्याला घाबरून केलेलं. पण या कायद्याने एक मोठी गोष्ट मान्य केली : देणेकरी आणि घेणेकरी कोर्टात सारखे नसतात, म्हणून न्यायाधीशाने कमजोर बाजूसाठी स्वतः प्रश्न विचारायचे. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

कायदा निर्दोष नव्हता. सावकारांनी पळवाट काढली, गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच करून घ्यायला लागले. 'पैसे फिटले की जमीन परत' हे तोंडी. ती पळवाट बुजवायला १९०७ मध्ये दुरुस्ती करावी लागली. आणि स्वस्त कर्ज देणारं दुसरं कुणी नव्हतंच. वेडरबर्न यांची शेतकी बँकेची योजना पुरंदर तालुक्यात करून बघायची होती, ती लंडनने नाकारली. त्यामुळे गरज लागली की माणूस परत त्याच दारात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४६ चा मुंबई सावकारी कायदा झाला. त्यात सावकाराला परवाना आला, वह्या तपासणं आलं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते छळाचं कलम आलं. छळ म्हणजे काय हे कायद्याने उकलून सांगितलं. कर्जदाराला धमकावणं किंवा त्याच्यावर जबरदस्ती करणं. तो जाईल तिथे त्याच्या मागे मागे फिरणं. त्याच्या मालमत्तेत ढवळाढवळ करणं. त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या ठिकाणी घुटमळत राहणं. यासाठी तुरुंगवासाची शिक्षा. म्हणजे तगाद्याच्या सगळ्या जुन्या पायऱ्या कायद्याने एकेक करून मोजल्या.

त्या कायद्याची जागा पुढे महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ याने घेतली. यात सावकाराने बळकावलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत देऊ शकतात, खरेदीखत झालेलं असलं तरी. आपल्या भागात काही जणांना अशा जमिनी परत मिळाल्याचं तुम्हीही ऐकलं असेल.

वाचून वाटेल, मग अडचण काय? कायदा तर आहे.

अडचण ही की तो कायदा सावकारासाठी आहे आणि आज आपल्याला फोन करणारा सावकार नाही. बँकेचं कर्ज सावकारी कायद्याच्या बाहेर. आणि बिगरबँक वित्त कंपन्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत निकाल दिला की रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या अशा कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. भावाच्या कर्जाच्या कागदावर अशाच एका कंपनीचं नाव आहे. म्हणजे गावातला परवानाधारक सावकार त्याच्या घरासमोर घुटमळला असता तर गुन्हा. कंपनीच्या एजंटाने पन्नास वेळा फोन केला, मुलीच्या बाईंना फोन केला, तर सिव्हिल मॅटर.

मग रिझर्व्ह बँकेचे नियम? आहेत, आणि चांगले आहेत. २४ एप्रिल २००८ ला वसुली एजंटांबद्दल परिपत्रक आलं. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सरळ म्हटलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन नको, चारचौघांत अपमान नको, नातेवाईक आणि मित्रांना त्रास नको. २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांत तर अॅपने फोनमधली नावांची यादी उघडूच नये असं आहे. मला फोन पावणेदहाला आला आणि माझा नंबर त्या यादीतूनच गेला. म्हणजे एका फोनमध्ये तीन नियम मोडले.

पण नियम मोडल्यावर काय? हे नियम रिझर्व्ह बँक आणि कर्ज देणारी कंपनी यांच्यातले आहेत. मोडले तर रिझर्व्ह बँक कंपनीवर कारवाई करू शकते, आणि करतेही. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडात हजारीबागला ट्रॅक्टरच्या जप्तीत एक गरोदर तरुणी चिरडून मेली. आठवड्याभरात त्या कंपनीला बाहेरच्या एजंटांकडून वसुली बंद करायला लावली. जानेवारी २०२३ मध्ये ती बंदी उठली. पण असा जीव गेल्याशिवाय गोष्ट तिथपर्यंत पोहोचत नाही. माझ्या भावाच्या हातात त्या परिपत्रकाने कोणता हक्क दिला? तो फौजदाराला कलम दाखवू शकत नाही. ठराविक भरपाई मागू शकत नाही. धमकीचं साधं कलम लावावं तर ते अदखलपात्र, म्हणून हवालदार एनसी म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या हातातही तेवढंच होतं.

दुसऱ्या बाजूला घेणेकऱ्याचं बळ मात्र वाढत गेलं. १८७९ चा कायदा कोर्टाला सांगत होता, खताच्या मागे जा. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात २१-अ कलम घातलं गेलं : व्याज फार जास्त आहे एवढ्या कारणावरून कोर्टाने बँकेचा व्यवहार उघडायचा नाही. शेतीकर्जाबाबत काही अपवाद आहेत, पण नियम हा. २००२ च्या सरफेसी कायद्याने तारण ठेवलेली मालमत्ता कोर्टात न जाताही ताब्यात घेण्याची सोय झाली (शेतजमीन त्यातून वगळली आहे, हे बरं). क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला.

२००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना गुंड पाठवून गाड्या ओढून नेण्याबद्दल चांगलंच सुनावलं होतं. पण न्यायालयाने सुनावणं वेगळं आणि ठाण्यात चालेल असं कलम असणं वेगळं.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही कर्जबुडव्यांची बाजू घेताय. अजिबात नाही. घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे. बँकेतला पैसा शेवटी आपल्यासारख्यांच्या ठेवींचा असतो. वसुलीला नोटीस आहे, दावा आहे, हप्ते बांधून देणं आहे. त्यात पोरीच्या ट्यूशनच्या बाई कुठे येतात? माणसाला लाजवून वसूल करणं हीच तर एल्फिन्स्टनने लिहिलेली रीत. दारात बसणाऱ्याच्या जागी आता फोन आलाय, आणि फोनला दार लागत नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. नवं काही शोधायचं नाही. १९४६ पासून आपल्या राज्याच्या कायद्यात छळाची जी व्याख्या आहे, तीच वसुली करणाऱ्या प्रत्येकाला लागू करा. पैसे सावकाराचे असोत, पतसंस्थेचे, बँकेचे की अॅपचे. कर्ज कुणाचं यावर माणसाची अब्रू ठरू नये. त्यात फोन आणि मेसेज जोडा, ओळखीच्यांना फोन करणं जोडा, आणि गुन्हा दखलपात्र करा. कंपन्यांचा विषय केंद्राच्या अखत्यारीत असेल तर संसदेने करावा. अमेरिकेने १९७७ मध्येच वसुली एजंटांसाठी कायदा केला, आणि त्यात कर्जदाराला स्वतः दावा लावून भरपाई मिळते. शेजारच्या कर्नाटकानेही २०२५ मध्ये लहान कर्जांच्या जबरी वसुलीविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे तर या प्रश्नाचा इतिहासच सुप्यापासून सुरू होतो.

तोवर हातात आहे ते वापरा. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. रेकॉर्डिंग ठेवा. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती फुकट आहे, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. धमकी असेल तर एनसी का होईना, नोंदवाच. कागद झाला की पुढे उपयोगी पडतो. आणि गावातला कुणी विनापरवाना व्याजाने पैसे देऊन छळत असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जा. तिथे कायदा आजही तुमच्या बाजूने आहे.

भावाचं काय झालं? लेखी तक्रारीनंतर बारा दिवस फोन बंद होते. मग दुसऱ्या नंबरवरून सुरू झाले. आता लोकपालाकडे अर्ज केलाय, उत्तराची वाट बघतोय. टेम्पो रस्त्यावर आला, थकलेल्यांपैकी एक हप्ता भरला. पोरीला मी स्वतः ट्यूशनला सोडून आलो. बाई समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, "सर, मलाही असे फोन येतात, माझ्या दिराच्या कर्जाचे."

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, काय झालं आणि तक्रारीचं पुढे काय झालं तेवढं लिहा. पन्नास-शंभर अनुभव जमले तर आमदारांकडे घेऊन जाऊ. नाव द्यायचं नसेल तर मला इनबॉक्स करा.